जोगेश्वरीचे पाणी आणि संशोधकाचा कॅमेरा

गुणात्मक संशोधन माणसे मोजण्यापेक्षा ती कशी जगतात, काय करतात आणि तसे का करतात याचा शोध घेते. सविस्तर मुलाखत, गटचर्चा आणि वस्तीत वावरून केलेले निरीक्षण ही त्याची जुनी साधने. त्यांची गरज कळायला मुंबईच्या उपनगरांतील पाण्याचा प्रश्न पुरेसा आहे. दरडोई किती लिटर, हे पालिकेच्या कागदावर सापडते. पण चावीवाला व्हॉल्व्ह किती वाजता फिरवतो, त्या वेळेला घरी कोणाला थांबावे लागते आणि कनेक्शनचा अर्ज अडला की कोणाचे उंबरठे झिजवायचे, हे त्या कागदाला ठाऊक नसते.

मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी जोगेश्वरीच्या वस्त्यांत नेमके हेच पाहिले. रहिवासी, प्लंबर, पालिकेचे अभियंते अशा सगळ्यांशी बोलून त्यांनी दाखवले की, पाणी नुसत्या पाइपातून येत नाही. त्यासाठी कागदपत्रे, ओळखी आणि मोर्चेही लागतात. त्यांचे ‘हायड्रॉलिक सिटी’ हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००८ मध्ये, जोगेश्वरीतील तरुणांचे गट आणि ‘कॅम्प’ हा कलावंतांचा गट यांच्यासह त्यांनी ‘एक डझन पानी’ ही बारा लघुपटांची मालिका केली होती. ज्यांच्या घरात पाणी भरले जाते, त्यांच्याच हाती कॅमेरा आला. काय टिपण्यासारखे आहे, हे संशोधकाने एकट्याने ठरवायचे दिवस तिथे संपले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘पॅड डॉट मा’ या ऑनलाइन संग्रहात न कापलेले चित्रीकरण ठेवता येते आणि त्याच्या क्षणाक्षणाला संवाद व टिपणे जोडता येतात. त्यामुळे निष्कर्ष पटला नाही, तर वाचकाला मूळ दृश्यापर्यंत जाता येते. वहीतल्या टिपणांच्या बाबतीत ही सोय कधीच नव्हती.

अंधेरीजवळ, सहार विमानतळालगतच्या अण्णावाडीत कॅथरीन बू यांनी नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात काम केले. त्या पत्रकार, पण पद्धत समाजशास्त्रज्ञाला शोभावी अशी. लेखी टिपणे, ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, व्हिडिओ, शिवाय वस्तीतल्या मुलांनी केलेले चित्रीकरण. त्याला जोड तीन हजारांहून अधिक सरकारी कागदपत्रांची. त्यांतली बरीचशी माहिती अधिकारातून मिळवलेली. लोकांचे म्हणणे आणि दप्तरातली नोंद समोरासमोर ठेवली, की खोटे नेमके कुठे लिहिले गेले ते दिसते.

मुलाखती शेकड्यांनी जमल्या की ‘ॲटलास डॉट टीआय’ किंवा ‘एनव्हिवो’सारखी सॉफ्टवेअर उताऱ्यांना खुणा करायला आणि ते हवे तेव्हा शोधायला उपयोगी पडतात. खूण कोणती करायची, हे मात्र संशोधकालाच ठरवावे लागते. आवाजावरून मजकूर उतरवणारी यंत्रे आता मोबाइलवरही आहेत. पण मराठीत सुरू होऊन हिंदीत संपणाऱ्या उपनगरी वाक्याशी मजकूर पुन्हा ऐकून ताडून पाहावाच लागतो.

जोखीमही याच साधनांत आहे. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. नियमबाह्य जोडणीबद्दल विश्वासाने सांगणाऱ्या बाईचे घर त्यातून उघड झाले, तर नळ तिचाच तुटेल. म्हणून संमती मुलाखतीपुरती घेऊन भागत नाही; फाइल कुठे राहणार, कोण पाहणार आणि ती कधी पुसणार, हेही आधी सांगावे लागते.