पुस्तक वाचले का?

गेल्या मे महिन्यात लोह्याच्या एका वाचनालयात जाण्याचा योग आला. कथा-कादंबऱ्यांच्या मागे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणींची एक जुनी स्मरणिका होती. पान उलटताना कोपरा तुटून हातात आला. ग्रंथपाल म्हणाले, “असू द्या सर, सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलेत.” त्यांच्या दक्षतेचे कौतुक वाटले. पण तेवढ्याने स्मरणिका वाचली का?

आधी कागदाचे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. तुरटीमुळे कागदात आम्लता येते, आणि आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत राहते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. आपल्याकडचा उन्हाळा तर ठाऊकच आहे. म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीची हातकागदाची पोथी आजही वळते आणि पन्नास वर्षांचे पुस्तक मोडते.

आता फोटोकडे वळू. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पान इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने टिपले, तर १६५० × २५५० म्हणजे सुमारे ४२ लाख ठिपके होतात. ठिपक्याला एक बाईट धरला तर ४२ लाख बाईट. त्याच पानावर अक्षरे, काना-मात्रा धरून दीड हजार चिन्हे असतील, तर युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाईट, म्हणजे साडेचार हजारच. चित्राचा आकार आकुंचित करता येतो, ते सोडा. खरा फरक असा, की चित्रातली अक्षरे संगणकाच्या लेखी अक्षरे नसतातच. उमरीच्या बँकेवरील १९४८ च्या धाडीबद्दल शोधणाऱ्या मुलाला ‘उमरी’ हा शब्द फोटोत सापडणार नाही.

अक्षरे टंकित केली तरी धोका संपत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ साली आली, पण आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटमध्ये टंकित होत राहिला. तो फाँट नसेल तर आज पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या नोंदवहीला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये ब्रिटनची नवी नोंद लेसर तबकड्यांवर केली. २००२ च्या सुमारास त्या वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला संशोधकांना खटपट करावी लागली. १०८६ ची चामड्यावरची मूळ वही मात्र वाचता येत होती!

म्हणजे वाचनालयाचे काम पडद्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. मूळ प्रत सावलीत, कोरड्या जागी ठेवायची. मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. त्याच्या प्रती दोन-तीन ठिकाणी, त्यातली एक गावाबाहेर ठेवायची. आणि दर काही वर्षांनी त्या उघडून पाहायच्या. प्रसिद्ध करण्याआधी लेखनहक्क तपासावा लागेल, कारण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो टिकतो.

त्या दुपारी एका पानाचा फोटो अक्षरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालीला दिला. ‘स्वातंत्र्य’मधला अनुस्वार गेला, जोडाक्षरे फुटली, एकंदर १७ चुका. मूळ पान समोर ठेवून त्या सुधारायला आम्हांला वीस मिनिटे लागली. स्मरणिका १४० पानांची आहे, म्हणजे एका माणसाला जवळपास ४७ तास. नववीच्या वीस मुलांनी वाटून घेतले, तर प्रत्येकी दोन तास वीस मिनिटे.