रॉकी पर्वतातील चार दिवस : दूर राहण्यातील जीवदया

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात रॉकी पर्वतरांगेच्या कुशीत बॅन्फ आणि जॅस्पर ही दोन राष्ट्रीय उद्याने एकमेकांना लागून वसली आहेत. बॅन्फची स्थापना १८८५ मधील; ते कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान. जॅस्पर १९०७ मधील. बॅन्फमधील लेक लुईसपासून जॅस्पर गावापर्यंत जाणारा सुमारे २३० किलोमीटरांचा ‘आइसफील्ड्स पार्कवे’ हा रस्ता हिमनद्या, सरोवरे आणि सूचिपर्णी अरण्ये यांच्यामधून जातो. कॅनडात स्थायिक झालेल्या मुलाकडे उन्हाळ्यात आलेले आजी-आजोबा, सुना-मुले आणि नातवंडे असा सारा परिवार मोटारीत तंबू, शेगडी व चार दिवसांचा शिधा घेऊन या वाटेने निघतो, तेव्हा त्याला सृष्टिसौंदर्य तर भरभरून मिळतेच. शिवाय प्राणिमात्रांवरील दयेचा एक वेगळा पाठही मिळतो.

प्राण्यांसाठी बांधलेले पूल

कॅलगरीहून बॅन्फ गाव दीड तासाच्या अंतरावर आहे. उद्यानात शिरताच महामार्गाच्या दोन्ही कडांना उंच जाळीचे कुंपण दिसू लागते, आणि थोड्या वेळाने रस्त्यावरून गेलेला, माती घालून झाडे लावलेला एक रुंद पूल. त्यावरून एकही मोटार जात नाही, कारण तो प्राण्यांसाठी आहे. वाहनांखाली एल्क व हरणे मोठ्या संख्येने मरत, म्हणून येथे कुंपण उभारून असे ६ उन्नत पूल आणि ३८ भुयारी वाटा टप्प्याटप्प्याने बांधण्यात आल्या. परिणामी प्राणी व वाहने यांच्या धडका ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. अस्वले व लांडगे प्रारंभी या वाटांविषयी साशंक असतात; त्यांना त्या अंगवळणी पडण्यास काही वर्षे जावी लागतात. मनुष्याने रस्ता हवा म्हणून हट्ट धरला, पण वाट अडवली त्याला वाटही करून दिली, हे लहान मुलांना समजावून सांगण्यासारखे उदाहरण आहे.

पाणी, बर्फ आणि रंग

लेक लुईस सोडल्यावर रस्ता अरुंद होतो आणि मोबाइलचे जाळे जवळजवळ संपते. जॅस्परपर्यंत इंधनाचा पंप केवळ सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंग येथे, तोही हंगामापुरता. म्हणून टाकी आधीच भरून घ्यावी. प्रथम बो सरोवर लागते, मग दोन हजार मीटरहून अधिक उंचीच्या खिंडीतून खाली पेटो सरोवर दिसते. त्याचा फिरोजी रंग पाहून एखाद्याने रंग कालवला असावा असे वाटते. हिमनदी सरकताना खडक दळत जाते. ते पिठासारखे बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहते आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश निळा-हिरवा दिसतो. बर्फ वितळू लागला की हा रंग गडद होतो. म्हणून जुलै-ऑगस्ट हा काळ उत्तम.

पुढे कोलंबिया हिमक्षेत्र येते. येथील एका शिखरावरचे वितळलेले पाणी तीन दिशांना जाऊन पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसन उपसागरामार्गे अटलांटिक अशा तीन महासागरांस मिळते. येथून रस्त्यालगत उतरणारी अथाबास्का हिमनदी गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे. ती कोणत्या वर्षी कुठवर होती, हे दाखवणारे फलक वाटेवर रोवले आहेत. आजोबांच्या जन्मवर्षाच्या सुमाराचा फलक आणि आजची बर्फाची कड यांच्यामधले अंतर नातवंडांनी पायांनी चालून मोजले, की हवामानबदलाचे वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

तंबूतील संसार

मुक्कामाची जागा उन्हाळ्यासाठी कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. जुलैतही रात्री तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते. वृद्धांसाठी उबदार झोळ्या आणि जमिनीपासून वेगळे ठेवणारे जाड अंथरूण हवेच. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबांची मात्र येथे चांगली सोय होते, कारण जून-जुलैत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, सुमारे दोन हजार मीटरवर ९३ अंशांना. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. लहान कुकर सोबत असावा. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. पाणी उकळून पिण्याची घरातील जुनी सवय येथे उपयोगी पडते. या उंचीवर ते तीन मिनिटे खळखळ उकळावे.

खरी शिस्त जेवणानंतर सुरू होते. खाखरे, ठेपले, तुपाची बरणी, भांडी, खरकटे, एवढेच नव्हे तर टूथपेस्ट, तेलाची बाटली, आजीचा डोके चोळण्याचा बामसुद्धा तंबूत ठेवता येत नाही. जे जे वासाचे ते ते बंद मोटारीत किंवा मुक्कामस्थळी दिलेल्या लोखंडी कपाटात. भांडी धुतलेले पाणी गाळून त्यातील शिते कचऱ्याच्या अस्वलरोधक पेटीत टाकायची. मुलाच्या खिशात राहिलेले बिस्किटही झोपण्यापूर्वी शोधून काढायचे.

दाणा न टाकण्याचे कारण

एवढा कडेकोट बंदोबस्त माणसासाठी आहे, त्याहून अधिक अस्वलासाठी आहे. एकेकाळी कचऱ्याच्या उकिरड्यावर जेवायला येणारी अस्वले पाहणे हा येथील पर्यटकांचा करमणुकीचा कार्यक्रम असे. त्याचे फळ अस्वलांनीच भोगले. मानवी अन्नाची एकदा चव लागली की अस्वल माणसाची भीती सोडते, तंबू व मोटारी धुंडाळू लागते. दूर नेऊन सोडले तरी पुष्कळदा परतते, आणि शेवटी त्याला ठार करावे लागते. बॅन्फमध्ये ग्रिझली अस्वलांची संख्या अवघी साठ-पासष्टच्या आसपास आहे. मादीला पिल्ले उशिरा आणि थोडी होतात. अशा वेळी एक मादी गमावणे म्हणजे पुढच्या पिढ्याच गमावणे होय.

म्हणून नियम कडक आहेत. अस्वल, लांडगा यांच्यापासून किमान १०० मीटर आणि एल्क, हरीण, डोंगरी मेंढी यांच्यापासून किमान ३० मीटर दूर राहावे. अस्वल रस्त्याकडेला पिवळी रानफुले खात असले तरी मोटारीतून उतरू नये. शक्यतो थांबूच नये. कोणत्याही वन्य प्राण्यास खाऊ घालणे हा गुन्हा असून त्यासाठी २५ हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सहलीच्या बाकाजवळ दोन पायांवर उभी राहून टुकुटुकू पाहणारी खारसुद्धा याला अपवाद नाही.

पाखरांना दाणे, गाईला घास, उन्हाळ्यात पाण्याची कुंडी अशा संस्कारांत वाढलेल्या मुलाला हे प्रथम निष्ठुर वाटते. हातातला तुकडा खारीपुढे धरू पाहणाऱ्या नातवंडाला केवळ ‘दंड होईल’ असे सांगितले, तर ते भीतीने हात मागे घेईल. त्या तुकड्याने खारीचे काय होते ते सांगितले, तर समजून मागे घेईल. पाळीव वा आश्रित जीवाचे पोट आपल्यावर अवलंबून असते, म्हणून त्याला देणे ही दया. रानातील जीव स्वतःच्या बळावर जगतो. ते बळ त्याच्यापासून हिरावून न घेणे, ही तितकीच मोठी दया.

हा विवेक परदेशापुरता ठेवण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या घाटात मोटारी थांबवून माकडांना वेफर्स व केळी टाकली जातात. ती माकडे मग रानातील फळे सोडून रस्त्यावर ठाण मांडतात, वाहनांखाली सापडतात, माणसांवर धावून जातात. तेथे कुंपण नाही, पूल नाही, दंडाची भीतीही फारशी नाही. तेथे खिडकीची काच वर करून पुढे जाणे हे सर्वस्वी प्रवाशाच्या हाती आहे. रॉकी पर्वतात चार दिवस बिस्किटाचा चुरा गोळा करत राहिलेली मुले पुढच्या सुट्टीत माळशेज घाटातून जाताना हे मोठ्यांना आठवण करून देतील, तर त्या प्रवासाचे सार्थक झाले.