कालव्याची रेघ आणि भोरचा नकाशा

अंथुर्ण्यात नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर उभा होतो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला माळ. मधे फक्त कालव्याची रुंदी. हे असं का, ते शोधत पार भोरच्या नकाशापर्यंत गेलो.

भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट, ४७ एफ/१६. एका इंचाला एक मैल. भोर, रोहिडा किल्ला, नीरा आणि वेळवंडी नद्या, सगळं या एका कागदावर. बारमाही पाणी निळं, कोरड्या ओढ्यांची पात्रं काळी. पण नजर खिळते ती तपकिरी समोच्च रेषांवर. एक रेषा म्हणजे एकच उंची. कड्यापाशी त्या इतक्या दाटतात की बोटाला चढ जाणवावा.

१८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आखला गेला आणि १८८५मध्ये सुरू झाला. भाटघरला वेळवंडी अडवली, ते पाणी नीरेतून वीरला आलं आणि तिथून बारामती-इंदापूरकडे निघालं. कालवा म्हणजे जमिनीवर उतरवलेली समोच्च रेषाच, किंचित उताराची. टेकडी आली की वळसा घालतो, चढत नाही. म्हणून रेघेखाली बागाईत आणि रेघेच्या वर जिरायत. आता मोटारी पाणी वर चढवतात, पण पाळीचं पाणी आजही ती रेघ ओलांडत नाही.

नकाशावरच्या डोंगरातल्या समोच्च रेषा चालून काढलेल्या आहेत. मोजणीदार प्लेन टेबलावर वाकलेला आणि सामान पाठीवर घेऊन कडा चढणारे खलाशी. नकाशाच्या समासात सर्व्हेअर जनरलचं नाव असतं, खलाशांचं एकाचंही नसतं. हे मला मनापासून खटकतं.

काळजी त्याहून मोठी आहे. १९२८मध्ये भाटघरला नवं, उंच धरण झालं आणि वेळवंडीचं खोरं आणखी वरपर्यंत बुडालं. त्याआधीच्या मोजणीतल्या वाड्या, पायवाटा, उतार आता फक्त कागदावर उरलेत. तो कागद कापडावर चिकटवलेला, घडीवर फाटणारा. नेमक्या घडीवरच एखादी वाडी असते. नावं इंग्रजीत लिहिलेली. त्यांचा खरा उच्चार खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक.

भोर, बारामती, इंदापुरात कुणाच्या पेटीत असा नकाशा असेल, तर त्याला चिकटपट्टी लावू नका. सपाट पसरून उजेडात फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेक नाव वाचायला सांगा आणि ते मराठीत लिहून ठेवा. हे या उन्हाळ्यातच करा.