सामुदायिक महाविद्यालय
सामुदायिक महाविद्यालय अर्थात कम्युनिटी कॉलेज ही स्थानिक रोजगाराशी निगडित कौशल्यशिक्षण देणारी व्यवस्था होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने ही योजना २०१३-१४ पासून राबवली. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, एका वर्षाची पदविका आणि दोन वर्षांची प्रगत पदविका हे तिचे टप्पे आहेत. अभ्यासक्रमात कौशल्यास ६०, तर सामान्य शिक्षणास ४० टक्के श्रेयांक असतात. शिक्षण मध्येच थांबले तरी पूर्ण केलेल्या टप्प्याची अर्हता विद्यार्थ्याकडे राहते.

पदविका मात्र पदवी नव्हे; पदवीधर ही अट असलेल्या नोकरीस ती पुरत नाही. तीन वर्षांचा बी.व्होक. हा पदवी अभ्यासक्रम असून पदवी विद्यापीठ प्रदान करते. यवतमाळ जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांसाठी हे काम १९८३ मध्ये स्थापन झालेले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ करते.