पिंप्राळा : पांढरी आणि काळी

जळगावच्या पश्चिम अंगास लोहमार्ग ओलांडून गेले की पिंप्राळा लागते, हे वाक्य एका पिढीपूर्वी अगदी खरे होते. आता मात्र 'लागते' म्हणण्याजोगे काही उरलेले नाही, कारण शहर कोठे संपले आणि गाव कोठे आरंभले हे दाखवील अशी मोकळी भुई मधे राहिलेली नाही. गाडी येण्याच्या सुमारास फाटकाशी तिष्ठत उभी राहणारी सायकली, रिक्षा आणि बैलगाड्यांची रांग हीच कित्येक वर्षे दोहोंमधील शीव होती, आणि उड्डाणपूल झाल्यापासून तीही पुसली गेली आहे. नावात तर वेगळेपण मुळीच नाही. पिंपळ किंवा पिंपरी या झाडांवरून नाव पडलेली गावे महाराष्ट्रात इतकी आहेत की टपाल वाटणाऱ्याची कीव यावी.

आपल्या जुन्या दप्तरांत गावाचे दोन भाग मानलेले असत : पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आणि काळी म्हणजे कसण्याची जमीन. हे दोन्ही शब्द मातीच्या रंगावरून आले असले तरी त्यांत अवघी ग्रामव्यवस्था सामावली होती. पाटील पांढरीचा धनी, कुळकर्णी काळीचा हिशेब राखणारा, आणि बलुतेदार दोहोंच्या दरम्यान आपापला हक्क बजावणारे. पिंप्राळ्याची काळी खरोखरच काळी होती. उत्तरेस तापी, पश्चिमेस थोड्याच अंतरावर गिरणा, आणि या दोन नद्यांच्या खोऱ्यातील ती कापसाची जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी उकलते व मृगाच्या पहिल्या सरींत पायतणासकट पाय धरून ठेवते. पाऊस बेताचाच, ऊन मात्र वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारे.

खानदेशच्या या मुलखावर फारुकी सुलतानांनी राज्य केले. अकबराने 1601 साली अशीरगड घेऊन ते संपविले. पुढे मोगल, निजाम, पेशवे आणि 1818 साली इंग्रज, अशी धनी बदलण्याची परंपरा चालू राहिली. रयतेच्या दृष्टीने बदलले ते सारा घेणाऱ्याचे नाव. खरा पालट घडविला तो रेल्वेने आणि सातासमुद्रापलीकडच्या एका यादवीने : 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत युद्ध पेटले, तेथील कापूस अडकला, आणि खानदेशच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांत एकाएकी भाव आला. जळगावची नगरपालिका 1864 मध्ये स्थापन झाली, हा केवळ योगायोग नसावा. 1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे होऊन पूर्व खानदेशाची कचेरी जळगावी आली, तेव्हापासून शेजारच्या खेड्यांचे भवितव्य एका अर्थी ठरूनच गेले.

जुन्या पांढरीत शिरले की मात्र पाऊल आपोआप मंदावते. लाकडी सऱ्यांवर काटक्या, काटक्यांवर माती आणि वर खारीचा थर अशी धाब्याची घरे अजून कोठे कोठे तग धरून आहेत. याच धाब्यांवर उन्हाळ्याच्या रात्री सारे कुटुंब अंथरुणे टाकीत असे. पूर्वेकडची लेवा बोली आणि पश्चिमेकडची अहिराणी या भागात एकमेकींना भेटतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, खापरावरचे मांडे होतात, श्रावणात कानबाई बसते. आणि थंडीत भरीत! पांढरट हिरवी, हातभर लांबीची वांगी कपाशीच्या वाळल्या काट्यांच्या जाळावर भाजावी, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसह ठेचावी, वर कांद्याची पात घालावी, आणि ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीबरोबर खावी. गॅसच्या शेगडीवर वांगे भाजणाऱ्यांनी त्यास भरीत म्हणू नये, असे माझे दुराग्रही मत आहे. अडचण एवढीच की काट्यांसाठी शेत हवे, आणि शेते भूखंडांच्या आकड्यांत विभागली गेली. सातबाऱ्यावर 'बिनशेती' असा शेरा पडला की काळी संपते.

काळी गेली तसा पांढरीचा स्वतःचा कारभारही गेला. फ्रान्समध्ये 1789 च्या राज्यक्रांतीने प्रत्येक गावाला स्वतःचा कारभार दिला, आणि आजही तेथील सुमारे पस्तीस हजार गावांपैकी निम्म्याहून अधिकांत पाचशे माणसेदेखील नाहीत. तरी प्रत्येकास आपला महापौर आहे, आपले कचेरीघर आहे. आमच्याकडे हजारोंची वस्ती असलेले पिंप्राळा 2003 साली स्थापन झालेल्या जळगाव महानगरपालिकेचा एक भाग होऊन बसले. गटार कोणी उपसायचे एवढ्यापुरता हा प्रश्न कोरडा आहे; पण आपण कोठले, असे विचारले असता म्हातारी माणसे अजून 'जळगाव' म्हणत नाहीत.

आषाढी एकादशीस तर तो प्रश्नच उरत नाही. ज्यांचे पंढरीस जाणे झाले नाही ती माणसे त्या दिवशी पिंप्राळ्यास येतात, कारण येथे विठ्ठलाचा रथ निघतो. जळगावचा रामाचा रथ कार्तिकी एकादशीचा, हा आषाढीचा. दोन्ही गावांनी एकादश्या जणू वाटून घेतल्या आहेत. झेंडूच्या माळांनी झाकलेला तो उंच लाकडी डोलारा अरुंद गल्लीतून निघतो तेव्हा ओढणाऱ्यांपेक्षा मी नेहमी चाकापाशी वाकलेल्या माणसांकडे पाहतो. त्यांच्या हाती मोगरी असते. रथ वळवायचा, आवरायचा किंवा थांबवायचा तो या लाकडी ठोकळ्याच्या आधारे. ती क्षणभर उशिरा पडली तर चाक ओट्यावर चढायचे, आणि क्षणभर आधी पडली तर दोर ओढणारी शंभर माणसे हिसका बसून कोलमडायची. म्हणून मोगरी कोणालाही धरू देत नाहीत. गेल्या खेपेस एका वळणावर रथ अडला, तेव्हा बाजूच्या ओट्यावरून एक वृद्ध गृहस्थ नुसत्या हाताच्या खुणेने सांगत होते, डावीकडून घाला, डावीकडून. चाकापाशीच्या पोराने मान वर न करता मोगरी डावीकडे सरकविली, लाकूड करकरले, आणि रथ मारुतीच्या देवळाच्या दिशेने हलला.