घर न पाहता घर तपासणारा माणूस

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्याच्या वतीने सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा माणूस ते घर बहुधा कधीच पाहत नाही. घर रीडिंगला असते, सॉलिसिटर लीड्सला बसलेला असतो, आणि दोघांत फक्त ईमेल आणि फोन. भिंतीला ओल आहे का, छप्पर गळते का, हे पाहायला सर्व्हेअर असतो. कन्व्हेयन्सिंग, म्हणजे मालमत्तेच्या खरेदी-विक्रीचे कायदेशीर काम, करणारा सॉलिसिटर कागद पाहतो आणि कागदात जे नाही ते पत्र लिहून विचारत राहतो.

हा धंदा फार काळ सॉलिसिटरांच्या मुठीत होता. १८०४ साली पंतप्रधान विल्यम पिट यांच्या सरकारला महसूल हवा होता. त्यांनी वकिलांवर कर वाढवला आणि त्या बदल्यात खरेदीखते तयार करण्याचा मक्ता त्यांना देऊन टाकला. तो मोडायला १९८५ चा कायदा यावा लागला. तेव्हापासून ‘लायसन्स्ड कन्व्हेयन्सर’ हा फक्त मालमत्तेची कामे करणारा वेगळा व्यावसायिकही हे काम करतो. साध्या खरेदीला दोघेही सारखेच चालतात. वारसाहक्काचा किंवा घटस्फोटाचा गुंता असेल तर सॉलिसिटर बरा. (स्कॉटलंडची पद्धत निराळी आहे, तिकडे हे लागू नाही.)

महाराष्ट्रात फ्लॅट घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतलेल्या माणसाला इंग्लंडमधली एक गोष्ट चकित करते. आपल्याकडे निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे, याची हमी तो देत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये लँड रजिस्ट्री मालकीच नोंदवते आणि नोंदीत चूक निघून नुकसान झाले तर भरपाईही देते. रजिस्ट्री १८६२ ची, पण विक्रीनंतरची नोंदणी सर्वत्र सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. मग सरकारच हमी देत असेल तर वकील कशाला?

वॉरविकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या एका दांपत्याने त्याचे उत्तर भोगले: मालकी खरी असली तरी जमिनीवर जुने बोजे असू शकतात. वारशाने मिळालेल्या त्यांच्या शेतातल्या एका तुकड्यावर अठराव्या शतकातल्या जमीनवाटपापासून एक बोजा होता: गावच्या चर्चच्या गाभाऱ्याची (चान्सेलची) दुरुस्ती त्या जमिनीच्या मालकाने करायची. चर्चने पैसे मागितले, दांपत्य भांडत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. दुरुस्तीचे बिल सुमारे १ लाख ८७ हजार पौंडांवर गेले, कोर्टखर्च वेगळा. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर असा बोजा रजिस्टरवर नोंदलेला नसेल तर तो साधारणपणे नव्या खरेदीदाराच्या गळ्यात पडत नाही. तरीही कित्येक सॉलिसिटर आजही ‘चान्सेल सर्च’ करतात किंवा थोडक्या पैशांत विमा काढून देतात. हा धंदा एकदा पोळला की पुढे बराच काळ ताकही फुंकून पितो.

नेहमीचे सर्च म्हणजे स्थानिक कौन्सिलकडचा, पाणी आणि सांडपाण्याचा, पर्यावरणाचा आणि जुन्या खाणपट्ट्यात कोळशाचा. कौन्सिलच्या सर्चमध्ये रस्ता सार्वजनिक आहे का, बांधकामाला परवानगी होती का, हे कळते. पण हा सर्च त्या घरापुरताच असतो. समोरच्या मोकळ्या जागेवर पाच मजली इमारतीला मंजुरी मिळालेली असली तरी अहवालात तिचा उल्लेख नसतो, आणि अनेक खरेदीदार नेमके इथेच फसतात. कौन्सिलच्या संकेतस्थळावर शेजारच्या जागांचे अर्ज स्वतः पाहावेत. घर पाहताना दिसलेले सगळे सॉलिसिटरला लेखी कळवावे: मागे वाढवलेली खोली, माळ्यावर काढलेली बेडरूम, शेजाऱ्याची आपल्या अंगणातून जाणारी पायवाट. तुमचे डोळे हीच त्याची एकमेव साइट व्हिजिट.

विकणाऱ्याला टीए-सिक्स नावाचा माहितीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात जपानी नॉटवीड या चिवट झुडपाविषयी प्रश्न असतो. लंडनच्या रेन्स पार्क भागातल्या एका विक्रेत्याने त्यावर ‘नाही’ लिहिले, झुडूप निघाले. २०२३ मध्ये त्याच्यावर ३२ हजार पौंडांची भरपाई आणि तिच्या कित्येक पट कोर्टखर्च बसला. ‘माहीत नाही’ हाही त्या प्रश्नाचा एक पर्याय होता.

आपल्याकडच्या टोकनच्या सवयीने गेलेल्या मराठी कुटुंबांना सगळ्यात जाचतो तो मधला काळ. ऑफर मान्य झाली तरी कोणीच बांधील नसते. विक्रेता उद्या जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, खरेदीदारही पाय काढू शकतो. व्यवहार पक्का होतो तो ‘एक्स्चेंज’च्या दिवशी. तो बहुतेक वेळा दोन सॉलिसिटरांच्या फोनवरच होतो: आपापल्या अशिलाची सही असलेला करार समोर ठेवून, लॉ सोसायटीने ठरवून दिलेल्या सूत्राप्रमाणे तारीख आणि वेळ टिपून. सहसा १० टक्के इसार त्याच वेळी अडकतो. किल्ली मिळते ती पुढे ‘कम्प्लीशन’ला. एक्स्चेंजच्या दिवसापर्यंत गृहकर्ज, विमा आणि सर्च हे सगळे पुरे नसेल तर एक्स्चेंजला ‘थांबा’ म्हणणारा सॉलिसिटर हवा. विक्रेत्याच्या एजंटला तो आवडत नाही, हीच त्याची शिफारस समजावी.

निवडताना एजंटने पुढे केलेले नाव डोळे झाकून घेऊ नये. त्याला त्याबद्दल कमिशन मिळत असू शकते, आणि ते सांगणे सॉलिसिटरला बंधनकारक आहे. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीचे दर जाहीर करावे लागतात. पण स्वस्त आकड्यामागे लीजहोल्डचा (भाडेपट्ट्यावरच्या घराचा) जादा आकार आणि पैसे पाठवण्याची फी दडलेली नाही ना, हे विचारावे. फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर ही फर्म आहे का, हे त्याहून महत्त्वाचे. फ्लॅट असेल तर लीजची किती वर्षे उरली ते पहिल्याच पत्रात विचारावे. ऐंशीच्या खाली गेले की मुदतवाढ महाग पडते.

पैशांच्या बाबतीत सॉलिसिटरची जबाबदारी किती जड आहे, हे लंडनच्या ड्रीमव्हार खटल्यात दिसले. मालक असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्याने अर्ल्स कोर्टमधले घर ११ लाख पौंडांना ‘विकले’. २०१८ मध्ये अपील कोर्टाने खरेदीदाराच्याच सॉलिसिटरांनाही जबाबदार धरले: खरे कम्प्लीशन झाले नव्हते, तरी अशिलाचे पैसे त्यांनी सोडले होते. तरी सगळाच धोका वकिलाकडे नसतो. फर्मचा ईमेल हॅक करून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा निरोप पाठवणे ही चोरांची जुनी युक्ती आहे. असा ईमेल आला तर पहिल्या दिवशी मिळालेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पौंडही हलवू नये.

कम्प्लीशननंतर १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचे विवरण जाते, मग रजिस्ट्रीकडे अर्ज. नाव लागायला काही महिने जातात. ते लागल्याची प्रत मागून घ्यावी. लँड रजिस्ट्रीची ‘प्रॉपर्टी अलर्ट’ सेवा मोफत आहे. घराच्या रजिस्टरवर कोणी ठरावीक प्रकारचा अर्ज केला की ईमेल येतो, आणि दहा मालमत्तांपर्यंत लक्ष ठेवता येते. आईवडिलांचे घर तिकडे असेल तर तेही त्यात घालता येते.