विमानाची कोलांटी

जोंधळा राखताना गोफण फिरवलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. गोफण जितकी जोरात फिरवावी, तितका आतला धोंडा हाताला ओढतो. धोंडा तेवढाच, पण फिरताना जड लागतो. विमान आकाशात कोलांटी मारते तेव्हा आत बसलेल्या वैमानिकाचे असेच होते. तो गोफणीतला धोंडाच म्हणा ना.

अशा कसरती करणारे हवाईदलाचे पथक आपल्यापासून फार लांब नाही. उमरखेडहून नांदेड गाठावे, तिथून देगलूरच्या वाटेने पुढे गेले की बिदर येते. तिथे १९९६ साली ‘सूर्यकिरण’ पथक उभे राहिले. आता त्यात हॉक जातीची विमाने आहेत. नऊ विमाने एकदम उडतात. दोघांत कधी कधी ५ मीटरसुद्धा अंतर नसते!

कोलांटीत वैमानिकाला आपले वजन चार-पाच पट झाल्यासारखे वाटते. ६० किलोचा माणूस २४० ते ३०० किलोचा होतो. हात उचलवत नाही. डोक्यातले रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोट नि पाय आवळून धरावे लागतात, आणि तेवढ्यात शेजारच्या विमानावर नजरही ठेवावी लागते.

आता दुसरे विमान बघा. यात माणूस बसत नाही. तो जमिनीवर उभा असतो, हातात दोन दांड्यांची पेटी घेऊन. दांडी हलवली की रेडिओच्या लहरींनी विमानाला हुकूम पोचतो. याला मॉडेल विमान म्हणतात. पण पोरांचे खेळणे समजू नका. मोठ्या मॉडेलचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन मीटर भरतात. वजन १२-१३ किलो, आणि इंजिन फटफटीएवढे, १०० सीसीचे.

हे विमान नाक वर करून हवेत एका जागी उभे राहते. हॉकला ते जमत नाही. का बरे? विटा घेऊन बघा. एका विटेच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच असा ढीग रचायला ८ विटा लागतात. पण वरून मोजाल तर ४ च दिसतात. विमानाचेही तसेच. आकार दुप्पट केला की पंखांची जागा चौपट होते, वजन मात्र आठपट. म्हणून करडू उड्या मारते, म्हैस मारत नाही. मॉडेलच्या इंजिनाची ओढ त्याच्या वजनाहून जास्त असते. हॉकची कमी पडते.

मग मॉडेल उडवणे सोपे का? मुळीच नाही. विमान आपल्याकडे तोंड करून आले की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. चुकीची दांडी दाबली की विमान मातीत. वैमानिकाला अंगावरच्या भाराने विमान कसे वळते ते कळते. जमिनीवरच्या माणसाला फक्त डोळे.

मॉडेल पडले तर महिन्यांची मेहनत नि पैसा जातो. खऱ्या विमानाचे तसे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळूरजवळ सरावात सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांवर आदळली. दोघे वैमानिक छत्रीने उतरले. विंग कमांडर साहिल गांधी गेले.

मॉडेलही माणसांत पडले तर जीव घेऊ शकते. म्हणून जाणता उडवणारा ते बघ्यांच्या डोक्यावरून नेत नाही. कुठे पाहायला गेलात तर त्याच्या पाठीमागे, लांब उभे राहा, नि पोरांचे हात धरून ठेवा.